आधी कुर्ला, मग देवनार

स्पॅम मेल चष्मा पुसून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी रोज बघतो. तो मुलुंड पूर्वेला, आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहतो. सकाळी दहाच्या ठोक्याला जिन्याखालच्या ऑफिसात येतो, कॉम्प्युटरला नमस्कार करतो आणि टक्कल घालवण्याच्या औषधाची जाहिरात इतक्या आदराने वाचायला घेतो की बघणाऱ्याला वाटावं, घरचं पत्र आलंय.

दत्ताराम पेडणेकर. सगळी सोसायटी त्यांना काका म्हणते. मूळ गाव वेंगुर्ल्याच्या अलीकडे. उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेलं भिंग. वय विचारलं तर म्हणतात, "पत्ता लागेल." हे त्यांचं पेटंट वाक्य. पाण्याचा टँकर कुठे अडकला? पत्ता लागेल. लिफ्ट कधी सुरू होणार? पत्ता लागेल. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णींचं मांजर चार दिवस बेपत्ता होतं, तेव्हाही काकांनी हेच सांगितलं. मांजराचा लागला. लिफ्टचा अजून लागायचाय.

या वाक्यामागे त्यांची सगळी नोकरी उभी आहे. काका टपाल खात्यात होते. ज्या पत्रांचे पत्ते कुणालाच लागत नाहीत, ती ज्या टेबलावर येऊन पडतात, त्या टेबलावर त्यांनी आयुष्य काढलं. 'निळ्या दाराचं घर, विहिरीला लागून, शंकरला मिळे' एवढ्यावर त्यांनी शंकर शोधलेत. एका पाकिटावर नाव नव्हतं, गाव नव्हतं, नुसता एक तेलाचा डाग होता. काका म्हणतात, त्या डागावरून त्यांनी खानावळ ओळखली आणि खानावळीवरून माणूस. खरं-खोटं मला माहीत नाही. सांगताना ते भिंगातून माझ्याकडे बघत होते, आणि भिंगातून बघणाऱ्या माणसावर अविश्वास दाखवायला जरा धीर लागतो.

सोसायटीने ईमेलचा पत्ता घेतला, तेव्हा तो रोज उघडून बघायचं काम कुणीच घेईना. सगळे एकमेकांच्या चपलांकडे बघत बसले. मागच्या रांगेतून हात वर आला.

"टपालच आहे ना? मग मी बघतो."

मी तेव्हाही सेक्रेटरी होतो, आजही आहे. हे पद एकदा चिकटलं की निघत नाही. काका मला नावाने हाक मारत नाहीत, सेक्रेटरीच म्हणतात. खूश असले तर "मेल्या सेक्रेटरी".

आल्या आल्या त्यांनी कॉम्प्युटरमध्ये आपलं छाननी कार्यालय थाटलं. परदेशातून आलेल्या मेलसाठी फोल्डर केला, त्याला नाव दिलं सांताक्रूझ, कारण विमानं तिथे उतरतात. कचऱ्याच्या फोल्डरचं नाव देवनार. ते का, हे तिथल्या डंपिंग ग्राउंडच्या वाऱ्यात राहणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. आणि मध्ये कुर्ला, गाडी बदलायचं जंक्शन. ज्यांचं काय करायचं ते कळत नाही, अशा सगळ्यांनी कुर्ल्याला उतरायचं. तिथे तीन दिवस थांबायचं. तोवर कुणी ओळखीचं निघालं तर ठीक, नाहीतर पुढची गाडी देवनार.

"पण काका, डायरेक्ट देवनारला पाठवलं तर काय बिघडेल?" मी एकदा विचारलं.

"तुला कोणी डायरेक्ट पाठवलं तर चालेल?"

मी हातातलं मेल कुर्ल्याला उतरवलं.

आता तुम्ही म्हणाल, स्पॅम अडवायला यंत्रं असतात की. असतात. आमच्या मेलला फुकटातलं एक होतंही. पण ते अक्षरं वाचणारं होतं. 'लॉटरी', 'कर्ज', 'आठवड्यात दहा किलो' असे शब्द दिसले की ते मेल बाहेर काढायचं. चोरांना हे कळलं. त्यांनी शब्द लिहायचेच बंद केले. सगळी जाहिरात एका चित्रात रंगवायची आणि नुसतं चित्र पाठवायचं. यंत्र बिचारं दारात उभं. पाहुण्याच्या हातात कागद नाही, नुसती तसबीर आहे. जा बाबा आत. मग काही यंत्रं चित्रातली अक्षरंही वाचायला शिकली, तर चोरांनी अक्षरं तिरकी केली, लाटांवर बसवली, वरून ठिपक्यांची पखरण केली. माणसाला सहज वाचता येतं, यंत्राला धुळीचं वादळ दिसतं.

"यंत्राला अक्षर दिसतं रे, चेहरा दिसत नाही," काका म्हणायचे. काकांना चेहरे दिसायचे. ठिपके कसे टाकलेत, जांभळा कुठला वापरलाय, यावरून ते पाठवणारा ओळखायचे. त्यांनी त्यांची नावंही ठेवली होती. एक जांभळ्या. एक तिरक्या. आणि सगळ्यांत लाडका ठिपकेवाला.

"बघ, बघ मरे," भिंग स्क्रीनला टेकवून ते मला बोलवायचे. "आज ठिपके कसे बारीक घातलेत! मागच्या आठवड्यात घाईत होता. आज निवांत आहे. घरी पाहुणे गेले असतील."

"काका, तो एक कॉम्प्युटर असेल."

"कॉम्प्युटरला पाहुणे येत नाहीत होय?"

पण खरी गंमत पांढऱ्यावर पांढऱ्याची. ही कला मला काकांनी दाखवली. यंत्राला वाटावं की मेल साधंसुधं आहे, म्हणून चित्राच्या खाली हे लोक पाचपंचवीस भलतीच वाक्यं घालतात, आणि ती तुम्हाला दिसू नयेत म्हणून पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत घालतात. रिकामी जागा म्हणून तुम्ही पुढे जाता. काका जात नसत. ते त्या रिकाम्या जागेवरून माउस हळूच फिरवायचे, झोपलेल्या मुलाच्या अंगावरून हात फिरवावा तसा, आणि निळसर धुक्यातून ओळी वर यायच्या. इंग्रजीत असायच्या. काका त्यांचं मराठी करून मला ऐकवायचे.

"'समुद्राने संध्याकाळी सात छत्र्या मागितल्या.' पुढे... 'माझ्या काकूचा पूल हळूहळू गोड होत गेला.'"

वर पंखा घरघरत असायचा. बाहेर वॉचमन पाइपने झाडांना पाणी घालत असायचा. जिन्याखाली आम्ही दोघं, एक निवृत्त आणि एक निवृत्तीकडे झुकलेला, आणि समोर कुणासाठीच न लिहिलेलं, कुणीच न वाचलेलं काहीतरी. मी दहा मिनिटांसाठी सह्या करायला जायचो आणि बारा वाजायचे. घरी सुमा, म्हणजे आमची बायको, विचारायची, "काय करत होतात इतका वेळ?" आता काय सांगणार? काकूचा पूल गोड होताना बघत होतो?

एवढं सगळं सुरळीत चाललं असतं. पण काकांना एक खोड होती. ते प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचे.

म्हणजे अक्षरशः प्रत्येक. टपाल खात्यात पत्र नाकारलं तर तसा शेरा मारून परत पाठवतात. तेच काकांनी इथे चालवलं. 'महाशय, आपले चित्र पोचले. आपले ठिपके सुबक आहेत. परंतु आमच्या सोसायटीस सध्या केसांच्या तेलाची गरज नाही. कळावे, लोभ असावा.' असं रोज, एका बोटाने टाइप करून, वीसपंचवीस जणांना.

स्पॅम पाठवणाऱ्याला जगात एकच गोष्ट हवी असते. पलीकडे जिवंत माणूस आहे, एवढं कळलं की झालं. काकांनी त्यांना नुसतं जिवंत माणूस आहे असं कळवलं नाही, तो किती मायाळू आहे हेही कळवलं. पाहता पाहता रोजची तीसेक मेल तीनशेवर गेली. ही गोष्ट या चोरांच्या जातीत पसरली असावी की मुलुंडला एक घर आहे, तिथे गेलं की कुणीतरी बोलतं.

त्या गर्दीत पाण्याच्या टाक्या साफ करण्याची नोटीस बुडाली. ऐन रविवारी, अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत अर्धी सोसायटी कोरडी राहिली. त्यात आमचे चेअरमन छेडासाहेबही होते. साबण वाळलेला माणूस फार कडक होतो. त्यांनी त्याच आठवड्यात मीटिंग घेतली.

"बघा भाऊ," छेडासाहेब म्हणाले, "आजकल सगळं ऑटोमॅटिक आहे. एक नवीन फिल्टर आलंय. फोटोवाला मेल आला ना, बाहेरच्या बाहेर खलास. आपल्याला दिसणार पण नाय. काका, तुम्ही आराम करा ना आता. किती दिवस डोळे फोडणार?"

"बाहेरच्या बाहेर?" काका उभे राहिले होते. "म्हणजे कुर्ल्याला पण थांबवायचं नाही?"

"कुर्ल्याला कशाला?"

"एखादं खरं निघालं तर?"

"चित्रातून खरं काय येणार, काका? लग्नपत्रिका? ती व्हॉट्सअॅपवर येते."

सगळे हसले. मीही हसलो, लपवत नाही. ठराव पास झाला. एक तारखेपासून फिल्टर चालू आणि कळ दाबायची सेक्रेटरीने. काका खाली बसले. भिंग शर्टाच्या टोकाने पुसायला लागले आणि मीटिंग संपेपर्यंत पुसतच राहिले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. एरवी "अरे सेक्रेटरी" करत येणारा माणूस दारातच उभा.

"एकदा माझी आणि त्या यंत्राची परीक्षा घे. एकाच टपालावर. मी हरलो तर कुरकुर करणार नाही."

मला नाटकाची आवड आहे. मी लगेच हो म्हटलं.

त्या शनिवारी जिन्याखाली तुडुंब गर्दी झाली, म्हणजे आम्ही चारजण होतो. त्या खोलीत पाचवा मावत नाही. काका, मी, छेडासाहेब आणि फिल्टरच्या कंपनीच्या एक दळवीबाई, आपला लॅपटॉप मांडीवर घेऊन. पद्धत अशी ठरली की, एकेक मेल मी उघडायचं. काकांनी आपला निकाल सांगायचा, मग बाईंनी यंत्राचा सांगायचा. तिसरा माणूस कोण, तर छेडासाहेब, पंच म्हणून.

काका काय खेळले म्हणून सांगू! मेल पुरतं उघडायच्या आत, नुसत्या रंगावरून, "जांभळ्या. देवनार." बाई लॅपटॉप बघून, "करेक्ट." "तिरक्या, डोकं दुखतंय त्याचं आज. देवनार." "करेक्ट." एका चित्रापाशी यंत्र चुकलं. आमच्याच पंपवाल्याने कोटेशन कागदावर लिहून त्याचा फोटो काढून पाठवला होता. यंत्र म्हणालं कचरा. काका म्हणाले, "पंपवाला. कागदाला ग्रीस लागलंय बघ." छेडासाहेबांनी नकळत टाळी वाजवली. मग गडबडून तोच हात डोक्यावरून फिरवला.

शेवटच्या पाचसहामध्ये ते मेल आलं.

पाठवणारा कुणीतरी अनोळखी. विषय नाही. मजकूर नाही. नुसतं एक चित्र, जरा वाकडं काढलेलं. सारवलेलं अंगण. तुळस. पायरीवर कोयता, बाजूला चार नारळ. लाल बादली. आणि मधोमध, उन्हात, एक रिकामी लाकडी खुर्ची.

दळवीबाई म्हणाल्या, "अनोळखी पत्ता, नुसती इमेज, शून्य टेक्स्ट. हे तर अगदी शुद्ध स्पॅम."

"होम-स्टे," छेडासाहेब म्हणाले. "कोकणवाले. आम्ही गेलेलो ना मागच्या वर्षी असल्या ठिकाणी. फोटोमध्ये खुर्ची एकदम झकास. बसलो तर ढेकूण."

काका पुढे सरकले. भिंग डोळ्याला नव्हतं, हातात होतं. ते नुसत्या डोळ्यांनी बघत होते.

"काका?" मी म्हटलं. "देवनार ना?"

"कुर्ला," ते म्हणाले. अगदी हळू.

"चूक," दळवीबाई म्हणाल्या, आणि कागदावर फुली मारली. त्यानंतरची सगळी काका चुकले. ठिपकेवाल्यालासुद्धा त्यांनी ओळखलं नाही. छेडासाहेबांनी निकाल दिला. यंत्र जिंकलं. काकांनी सगळ्यांना नमस्कार केला, कॉम्प्युटरला करायचा विसरले आणि गेले.

सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारी नाहीत. मी एकटाच जिन्याखाली बसलो आणि त्यांच्या सवयीने कुर्ला उघडला. नियमाप्रमाणे तिथे तीन दिवसांपेक्षा जुनं काही नको. नव्हतंही. पण कोपऱ्यात आणखी एक छोटा फोल्डर होता. नाव 'वेटिंग रूम'.

आत अठरा चित्रं होती. सगळ्यांत जुनं चार वर्षांपूर्वीचं. पाठवणारे अठरा वेगवेगळे, विषय एकालाही नाही. आणि अठराही चित्रांत तेच अंगण. कधी ओलं, कधी धुळीचं. कधी तुळशीला मंजिऱ्या, कधी नुसत्या काड्या. बादली कधी इथे, कधी तिथे. खुर्ची मात्र प्रत्येकात, आणि प्रत्येकात रिकामी.

मी त्या अंगणात किती वेळ होतो कोण जाणे. सुमाचा फोन आला तेव्हा जेवायची वेळ टळली होती.

संध्याकाळी काकांचं दार वाजवलं. एका खोलीचा संसार. कॉट, स्टोव्ह, भिंतीला खात्यातली जुनी छत्री. त्यांनी मला बसवलं, चहा टाकला, आणि पाठ करूनच म्हणाले, "बघितलंस ना?"

"बघितलं. कुणाचं घर?"

"माईचं. बहीण माझी. थोरली." चहा उकळत होता, त्यांनी स्टोव्ह बारीक केला. "आई लवकर गेली. हिनेच वाढवलं. मला शाळेत घातलं आणि स्वतः लोकांची भातं काढली. तिला अक्षर नाही. आणि गेली कित्येक वर्षं कान पण गेलेत, फोनचा उपयोग नाही."

"मग कुणाकडून पत्र लिहून घ्यायचं."

"सांगितलं की. जन्मभर सांगितलं. म्हणते, माझा बोलणा मी दुसऱ्याच्या हातान कित्याक लिवान घेव?" काका हसले. "अरे, मी साऱ्या मुंबईची पत्रं पोचती केली. माझ्या नावाने घरचं एक आलं नाही कधी. आणि मग हे फोटोवाले फोन आले. ही काय करते, माहितीय? रस्त्यावरून समुद्राकडे जाणारे टुरिस्ट अडवते. अंगणात बोलावते, पाणी देते, गूळ देते, आणि माझ्या हातचा पत्त्याचा कागद पुढे करते. हाताने दाखवते, ह्याचा फोटो काढा, इथे पाठवा. लोक पाठवतात. चांगले असतात रे लोक."

म्हणून अठरा पाठवणारे. म्हणून प्रत्येक वेळी नवा, अनोळखी. माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता.

"म्हणून तुम्ही सगळ्यांना उत्तर देत होता?"

"मग? त्यातला कोण माईच्या अंगणात जाऊन आला असेल, कसं कळणार? तिने पाणी पाजलेल्या माणसाशी मी उर्मटपणे वागू?"

मी चहा घेतला. साखर फार होती.

"त्या दिवशी सांगितलं का नाहीत? हरला नसता."

काकांनी माझ्याकडे चोरट्यासारखं बघितलं. "ऑफिसच्या भिंतीवर काय चिकटवलंय?"

मला आठवलं. काकांच्याच वळणदार अक्षरात, खाली तीन रेघा मारून लावलेली पाटी होती: 'सोसायटीच्या पत्त्यावर खाजगी टपाल मागवू नये.' कुलकर्णीबाईंच्या साडीच्या दुकानाची मेल आली होती, तेव्हा काकांनी त्यांना जिन्यात पंधरा मिनिटं ऐकवलं होतं.

"तुमचं स्वतःचं खातं काढू की काका. आत्ता काढतो."

"तिथेही यंत्रच बसलंय ना दारात? अनोळखी माणूस, नुसतं चित्र. जाईल देवनारला." ते कपाच्या कानाशी खेळत राहिले. "आणि खरं सांगू, ती गावात सांगते, माझा भाव मुंबैत टपाल बघता. मी रिटायर झालो, हे तिला खाणाखुणांनी किती वेळा सांगितलं. कळतं तिला. पण सांगते. मग मी बघतो. ती खोटी पडू नये म्हणून."

चतुर्थीला ते गावाला जातात, पाच दिवस. बाकीचं वर्ष असं. मी मोबाइलवर शनिवारचं चित्र काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"यात काय लिहिलंय?"

त्यांनी भिंग घेतलं नाही. "कोयता पायरीवर. म्हणजे बरी आहे, झावळ्या स्वतः तोडते. चार नारळ माझे, कुणी इकडे येणारा मिळाला तर पाठवणार. बादली पागोळीखाली नाही, म्हणजे कौलं शाकारून झाली. आणि खुर्ची..." त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. "खुर्ची माझी. मी शाळेत गेलो तेव्हा अभ्यासाला म्हणून तिने करून घेतली होती. ती प्रत्येक वेळी बाहेर आणून ठेवते. ढेकूण नाहीत हो तिच्यात. सांग त्या छेडाला."

एक तारखेला मी कळ दाबली. छेडासाहेब पाठीशी उभे होते, दळवीबाई फोनवर. फिल्टरने मला विचारलं, नुसती चित्रं आली तर काय करू? पुढे दोन चौकोन होते. एक 'नष्ट करा'. दुसरा 'बाजूला ठेवा'. छेडासाहेबांचा चष्मा घरी राहिला होता. मी त्यांना अत्यंत गंभीरपणे विचारलं, "दाबू?" ते म्हणाले, "दाबा." मी दुसरा दाबला. बाजूला म्हणजे कुठे, असं यंत्राने विचारलं. मी टाइप केलं, कुर्ला.

तेव्हापासून काका पुन्हा दहाला येतात. भिंतीवरची पाटी त्यांनी स्वतः काढली आणि वर जाऊन कुलकर्णीबाईंची माफी मागितली. अनोळखी लोकांना उत्तरं द्यायची नाहीत, असं मी त्यांच्याकडून वदवून घेतलंय. अंगणातून आलेल्यांना तेवढी सूट आहे. 'चित्र पोचलं. आभारी आहे. पाणी विचारलं असेलच तिने.' छेडासाहेब जिन्यात, कारण लिफ्ट अजून बंदच आहे, भेटेल त्याला सांगतात, काय मशीन आहे! एक पण फालतू मेल नाय!

एका सकाळी काका म्हणाले, "मेल्या सेक्रेटरी, माझं एक चित्र काढ. ऑफिसात."

ते कॉम्प्युटरशेजारी ताठ बसले. भिंग गळ्यात, दोन्ही हात टेबलावर, चेहरा साहेबासारखा. मी फोटो काढला. घाईत माझा अंगठा कोपऱ्यात आला. दुसरा काढतो म्हटलं तर म्हणाले, "असू दे, तिला कळेल की कोणीतरी सोबत आहे." स्टेशनजवळच्या स्टुडिओतून त्यांनी तो मोठा करून घेतला, पुठ्ठ्यात घातला, आणि साध्या टपालाने पाठवला. पत्ता त्यांनी स्वतः लिहिला. एवढं सुंदर लिहिलेलं पाकीट मी पाहिलेलं नाही.

मग महिना गेला. दीड गेला. काका कुर्ला दिवसातून चार वेळा उघडत होते.

आणि एका मंगळवारी ते आलं. अनोळखी पाठवणारा, विषय नाही, मजकूर नाही. वर यंत्राची लाल पट्टी होती: संशयास्पद.

सारवलेलं अंगण. तुळस. पायरीवर कोयता. मधोमध, उन्हात, लाकडी खुर्ची. आणि खुर्चीत, पाठीला टेकवून ठेवलेल्या पुठ्ठ्यात, हार घालता येईल इतका ताठ बसलेला आमचा काका. भिंग गळ्यात, हात टेबलावर. हार मात्र घातलेला नव्हता. पायाशी माईने पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा ठेवला होता.

आम्ही दोघं बघत राहिलो. पंखा घरघरत होता. मग काकांनी भिंग उचललं, स्क्रीनच्या एका कोपऱ्यावर धरलं आणि मला जवळ बोलावलं.

"हा बघ," ते म्हणाले.

वेंगुर्ल्याच्या अलीकडे, त्या अंगणात, उन्हात माझा अंगठा होता.